कौंडिण्याचे ताक आणि दोनदा वाढलेली मेजवानी

बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. डिसेंबरचे दिवस, साडेचारलाच अंधार. संध्याकाळ मोठी आणि जायला कुठे नाही, म्हणून जेवणे लवकर उरकून आम्ही डोमिनियनची पेटी काढली. चौथा भिडू म्हणून शेजारचे निवृत्त गृहस्थ आले. ते जन्मभर स्काट खेळलेले, त्यामुळे पत्ता टाकण्याआधी हात पुसून घेणारे.

तिसऱ्या-चौथ्या फेरीत त्यांनी 'ट्रोनझाल' टाकला, म्हणजे इंग्रजी पेटीतला 'थ्रोन रूम'. हातातला एक ॲक्शन पत्ता निवडायचा आणि तो दोनदा खेळायचा, एवढेच त्याचे काम. त्यावर त्यांनी ठेवला 'फेस्टमाल', म्हणजे मेजवानी. मेजवानी दोन गोष्टी सांगते: हा पत्ता बाद करा; पाच नाण्यांपर्यंत किमतीचा एक पत्ता घ्या. शेजाऱ्यांनी मेजवानी बाद केली आणि शांतपणे दोन लॅबोरेटरी उचलून घेतल्या.

बाबांनी हात आडवा घातला. "एकदा बाद झालेला पत्ता दुसऱ्यांदा कसा बाद होणार? आणि तो बाद होत नसेल तर दुसऱ्या पानावर वाढणार कोण?"

मला बाबांचे पटले. मुलीला शेजाऱ्यांचे पटले. "रडीचा डाव" हा शब्दही निघाला, नशिबाने मराठीत. शेजाऱ्यांनी वाद घातला नाही. त्यांनी नियमांची पुस्तिका उघडली, 'ट्रोनझाल' शोधला आणि बोट ठेवले. नेमका हाच प्रसंग तिथे छापलेला होता: सिंहासनावर मेजवानी मांडली तर पत्ता एकदाच बाद होईल, पण नवे पत्ते दोन मिळतील. पत्ता घेणे हे पत्ता बाद होण्यावर अवलंबून नाही. ती दोन वेगळी कामे आहेत. जे जमेल ते करायचे.

बाबा गप्प झाले. सांगलीच्या घरी 'नॉट ॲट होम' असो वा मेंढीकोट, अडले की आजोबांकडे आणि त्यांच्यानंतर बाबांकडे बघायचे, ही रीत. इथे सगळे बघत होते ते एका पुस्तिकेकडे. त्या रात्री मला पडलेला प्रश्न पत्त्यांचा कमी आणि अधिकाराचा जास्त होता: दोन पत्त्यांचे शब्द एकमेकांना भिडतात तेव्हा खरे काय हे ठरवतो कोण? जर्मनीत या प्रश्नाला बराच जुना इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा पुण्यातून जातो.

आधी खेळाबद्दल थोडे, कारण अनेक घरांत तो अजून पोचला नसेल. डोमिनियन डॉनल्ड एक्स. व्हाकरिनो या अमेरिकन माणसाने रचला. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये एसेनच्या खेळमेळ्यात तो लोकांसमोर आला. इंग्रजी आवृत्ती रिओ ग्रांदे गेम्सची, जर्मन आवृत्ती म्युनिकच्या हान्स इम ग्लुकची. २००९ मध्ये त्याला 'श्पील डेस यारेस', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळ हा जर्मन पुरस्कार मिळाला. नेहमीच्या डावात कॅट सगळ्यांचा एकच असतो. इथे प्रत्येकाचा स्वतःचा कॅट. सुरुवातीला सात तांब्याची नाणी आणि तीन लहान वतने, एवढे दहाच पत्ते. खेळता खेळता मधल्या बाजारातून पत्ते विकत घ्यायचे, आपल्या कॅटात मिसळायचे, पिसायचे आणि पुन्हा पाच-पाच उचलायचे. डाव जिंकणे म्हणजे खरे तर कॅट नीट बांधणे.

मूळ पेटीत बाजारासाठी पंचवीस प्रकारचे पत्ते असतात. त्यांतले दहा एका डावाला घ्यायचे. असे दहा निवडण्याचे मार्ग ३२,६८,७६० होतात. खेळ विकला गेला तो याच आकड्यावर, आणि भांडणाचे बीही त्यातच आहे. पंचवीस पत्त्यांच्या जोड्या तीनशे. एखादा चिकाटीचा माणूस त्या सगळ्या तपासून पुस्तिकेत लिहू शकेल. पण पुरवणी पेट्या येत गेल्या. पत्त्यांचे प्रकार तीनशे धरले तरी जोड्या ४४,८५० होतात. तिघा-तिघांचे गट तर विचारूच नका. एवढी जाड पुस्तिका कोणी छापत नाही. म्हणजे कधीतरी एखाद्या टेबलावर अशी जोडी पडणारच, जिचा विचार लिहिणाऱ्याने केलेला नसतो.

असे झाल्यावर काय करायचे, याचे पहिले जर्मन उत्तर आल्टेनबुर्ग या थुरिंगियातल्या गावात सापडते. स्काट तिथे १८१० च्या दशकात आकाराला आला. तिघे खेळाडू, बत्तीस पत्ते, प्रत्येकाला दहा, मध्ये दोन झाकलेले. जुन्या दोन-तीन खेळांच्या मिश्रणातून गावकऱ्यांनी तो बसवला, त्यामुळे त्याला एक कर्ता असा नाही. सैनिक, विद्यार्थी आणि व्यापारी तो गावोगाव घेऊन गेले आणि गावोगाव नियम बदलले. आपल्याकडे मेंढीकोटाचे जे झाले तेच: सोलापूरचा भिडू ठाण्यात खेळायला बसला की पहिली पंधरा मिनिटे "तुमच्याकडे कसं असतं?" यात जातात.

स्काटमधला गोंधळ कसा असतो त्याचा एक नमुना. बहुतेक डावांत चारही गुलाम कायमचे हुकूम असतात. म्हणजे बदामाचा गुलाम हा बदाम नाही! कोणी बदामाची उतारी केली आणि तुमच्या हातात बदाम म्हणून फक्त तो गुलाम असला, तर तुम्ही बदाम देणे लागत नाही. पण हुकमाची उतारी झाली तर तोच गुलाम द्यावा लागतो. 'नल' नावाच्या डावात मात्र हुकूम नसतोच, आणि तोच गुलाम निमूटपणे बदामाच्या रांगेत जाऊन बसतो. पत्त्यावरचे चित्र एक, पण तो कोण हे डाव ठरवणार. नवख्या माणसाला हे शिकवताना शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो बघण्यासारखा.

तर १८८६ मध्ये आल्टेनबुर्गला स्काट खेळणाऱ्यांची परिषद भरली. हजारावर माणसे जमली आणि साऱ्या देशासाठी एक नियमावली मान्य झाली. १८९९ मध्ये हाले येथे जर्मन स्काट संघटना स्थापन झाली. आणि नियम लिहून काढले तरी तंटे संपत नाहीत हे कळल्यावर १९२७ मध्ये चक्क न्यायालय आले: स्काटगेरिष्ट. ही थट्टा नव्हे. क्लबातला पंच, स्पर्धेतला पंच आणि शेवटी स्काटचे न्यायालय, अशी उतरंड आहे. कोणी चुकून पत्ता उघडा पाडला, कोणी रंग असून दिला नाही, बोली नीट बोलली की नाही, अशा प्रकरणांवर तिथे निर्णय होतात आणि पुढच्या तंट्यात त्यांचा दाखला दिला जातो. खेळाला बाप नाही म्हणून पंचायत नेमली, असे म्हणा हवे तर. मला यात जर्मन स्वभावापेक्षा गरज जास्त दिसते. ज्याने नियम केले त्याला विचारता येत नाही, कारण तो कोणी एक नाहीच.

डोमिनियनला मात्र बाप आहे, आणि त्याचे नाव पेटीच्या झाकणावर आहे. हे नाव तिथे असणे आपण गृहीत धरतो, पण त्यामागेही एक जर्मन गोष्ट आहे. पूर्वी खेळांच्या पेट्यांवर कंपनीचे नाव असे. रचणाऱ्याचे असलेच तर आत कुठेतरी बारीक अक्षरात. १९८८ च्या न्यूर्नबर्ग खेळणी मेळ्यात तेरा खेळकर्ते बिअर पीत बसले होते. त्यांनी ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर करार लिहिला: ज्या पेटीवर आमचे नाव वर छापणार नाहीत, त्या कंपनीला आम्ही खेळ देणार नाही. खाली सह्या. यामागे राइनहोल्ड व्हिटिग हे प्रमुख नाव. ते ग्योटिंगेनचे भूगर्भशास्त्रज्ञ. खेळकर्त्यांचे वार्षिक संमेलनही त्यांनीच १९८० च्या दशकात त्या गावी सुरू केले. पुस्तकाला लेखक तसा खेळालाही लेखक, हे हळूहळू सगळीकडे रुळले.

लेखक आला की त्याच्यामागून प्रश्नही येतो. लिहिलेले प्रमाण, की लिहिणाऱ्याच्या मनातले?

ग्योटिंगेनला मी पहिल्यांदा गेलो तो खेळांसाठी नव्हे, पण तिथल्या विद्यापीठाचा इतिहास चाळताना एक ओळखीचे नाव भेटले. फ्रान्झ कीलहॉर्न. १८६६ मध्ये हा तरुण जर्मन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक म्हणून रुजू झाला, पंधरा वर्षे राहिला, पुण्याच्या शास्त्र्यांपाशी बसून व्याकरण शिकला, १८८१ मध्ये परतला आणि पुढे मरेपर्यंत, १९०८ पर्यंत, ग्योटिंगेनला शिकवत राहिला. पुण्यात असताना त्याने एक ग्रंथ संपादित करून इंग्रजीत आणला, 'परिभाषेन्दुशेखर'. मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत तो १८६८ ते १८७४ या काळात छापून झाला. मूळ ग्रंथकार नागेशभट्ट काळे. अठराव्या शतकात काशीत राहिलेले आपले मराठी वैयाकरण.

हा सगळा ग्रंथ एकाच प्रश्नावर आहे: दोन नियम एकाच जागी लागू होत असतील तर कोणता चालवायचा? पाणिनीची सूत्रे जवळजवळ चार हजार. ती सुटी सुटी वाचली तर छोटी आणि स्वच्छ आहेत, अगदी पत्त्यावरच्या दोन ओळींसारखी. पण एक शब्द तयार करायला घेतला की चार सूत्रे एकदम हात वर करतात. पाणिनीने यावर स्वतः एक सूत्र दिले: दोन तुल्यबळ नियम भिडले तर नंतरचा घ्या. तेवढ्याने भागत नाही असे दिसल्यावर पतंजलीने सांगितले की इथे 'पर' म्हणजे नंतरचा असेच नव्हे, 'इष्ट' असाही अर्थ घेता येतो. (हे वाचून मला आमचे आजोबा आठवले. त्यांचाही नियम शेवटी इष्ट तोच असे.) २०२२ मध्ये केंब्रिजच्या ऋषी राजपोपट यांनी 'पर' म्हणजे शब्दातल्या उजव्या बाजूच्या भागाला लागणारा नियम, असा अर्थ मांडला आणि ती बातमी आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरली, पंडितांत त्यावर अजून एकमत नाही. नागेशभट्टांच्या परंपरेने मात्र बळाची उतरंडच लावून दिली: आधीच्यापेक्षा नंतरचा बलवान, त्यापेक्षा नित्य, त्यापेक्षा अंतरंग, आणि सगळ्यांच्या वर अपवाद.

अपवादासाठी व्याकरणात एक गोड दाखला आहे. ब्राह्मणांना दही वाढा, कौंडिण्याला ताक. कौंडिण्य ब्राह्मणच आहे, मग त्याला दहीही मिळावे आणि ताकही? त्याच्या पानावर दोन्ही मावतील, त्यात अशक्य काही नाही. तरी वैयाकरण म्हणतात, नाही. त्याला फक्त ताक. खास त्याच्यासाठी सांगितलेल्या वाक्याने सर्वांसाठीचे वाक्य बाजूला सारले.

डोमिनियनमध्ये हे पावलोपावली आहे. सर्वसाधारण नियम म्हणतो, एका पाळीत एकच ॲक्शन खेळा. 'व्हिलेज' हा पत्ता म्हणतो, अजून दोन खेळा. पत्ता आणि पुस्तिका भिडले तर पत्ता जिंकतो, कौंडिण्याचे ताक. सिंहासनावर दुसरे सिंहासन ठेवले तर काय, यातही नागेशभट्टांची आठवण होते. भल्याभल्यांना वाटते की तिसरा पत्ता चार वेळा खेळायचा. तसे नाही. आतले सिंहासन एकदा पुरे होते, त्याने एक पत्ता दोनदा खेळवला. मग ते दुसऱ्यांदा सुरू होते आणि दुसरा एखादा पत्ता दोनदा खेळवते. आतले काम पूर्ण झाल्याशिवाय बाहेरचे पुढे सरकत नाही. व्याकरणातले अंतरंग हुबेहूब हेच नव्हे, पण मनाची सवय तीच.

आणि मेजवानी? बाबांचा आक्षेप खरे तर कसलेल्या माणसाचा होता. त्यांनी दोन वाक्यांमध्ये एक न लिहिलेला 'तर' वाचला: बाद केला तर घ्या. रोजच्या भाषेत आपण तो वाचतोच. "पैसे दे, भाजी घे" याचा अर्थ पैसे न देता भाजी घे असा होत नाही. पण डोमिनियनचा लेखक 'तर' हवा असेल तेव्हा तो छापतो. 'इंट्रिग' या पुरवणीतला 'मायनिंग व्हिलेज' पाहा: हवे तर हा पत्ता बाद करा, केलात तर दोन नाणी. सिंहासनावर हा ठेवला तर नाणी एकदाच मिळतात, कारण दुसऱ्या वेळी बाद करायला पत्ता जागेवर नसतो आणि अट पुरी होत नाही. मेजवानीत 'केलात तर' नाही, म्हणून पान दोनदा वाढले जाते. एका शब्दाच्या असण्या-नसण्यावरून अर्थ काढणे, अर्ध्या मात्रेसाठी जीव टाकणे, हे काम नागेशभट्टांना परके वाटले नसते.

फरक एवढाच की पाणिनीला विचारता येत नव्हते. त्याचा प्रत्येक शब्द जपून, त्यातूनच त्याचे मन शोधायचे. व्हाकरिनोंना विचारता येते, आणि ते उत्तर देतात. कधी कधी तर पत्ताच बदलतात.

सगळ्यात कुप्रसिद्ध प्रकरण 'मास्करेड'चे. २००९ च्या या पत्त्यात खेळणारा दोन पत्ते उचलतो, मग प्रत्येक जण हातातला एक पत्ता डावीकडच्याला देतो, आणि खेळणारा हवा असल्यास हातातला एक पत्ता बाद करतो. एरवी निरुपद्रवी, हसतखेळत चालणारा. पण २०१० मध्ये 'किंग्ज कोर्ट' आला, जो पत्ता तीनदा खेळवतो. कोणीतरी हिशेब मांडला. आधी 'मिलिशिया' टाकून समोरच्याचा हात तीन पत्त्यांवर आणा. स्वतःचा कॅट इतका रिकामा ठेवा की उचलायला काही नाही आणि हातातही काही नाही. आता मास्करेड तीनदा. तुमच्याकडे देण्यासारखे काही नाही, समोरचा मात्र दर वेळी एक पत्ता देतो आणि तुम्ही तो बाद करता. तीन पत्ते, तीन वेळा. त्याची पाळी येते तेव्हा त्याच्या हातात काही नाही. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. समोरचा बिचारा बसून आपला कॅट विरघळताना बघतो. प्रत्येक पत्ता नियमाप्रमाणे, आणि खेळ मेलेला. २०१६ च्या नव्या आवृत्तीत मास्करेडचे वाक्य बदलले: ज्यांच्या हातात पत्ते आहेत त्यांनीच, आणि तसल्याच पुढच्या खेळाडूला द्यायचा. रिकाम्या हाताचा माणूस वगळला गेला आणि सापळा मोडला.

त्याच वर्षी सिंहासनाचेही वाक्य बदलले. जुन्या पत्त्याप्रमाणे हातात ॲक्शन असेल तर तो दोनदा खेळणे भाग होते. "माझ्याकडे नाही" असे कोणी म्हटले तर तपासणार कसे? हात तर झाकलेला. नवा पत्ता म्हणतो, हवे असल्यास खेळा. ज्या सक्तीचा पडताळा घेता येत नाही ती काढून टाकली, मला हा बदल सगळ्यात शहाणा वाटतो.

'बँड ऑफ मिसफिट्स'ची गोष्ट मात्र वेगळी. २०१२ चा हा पत्ता बहुरूपी: बाजारातल्या आपल्यापेक्षा स्वस्त पत्त्याचे सोंग घ्यायचे आणि टेबलावर आहे तोवर तेच राहायचे. त्याने मेजवानीचे सोंग घेतले आणि स्वतःला बाद केले, तेही सिंहासनावर असताना, तर दुसऱ्या वेळी तो कोण? मेजवानी, की सोंग उतरलेला मूळ बहुरूपी? स्काटचा बदामाचा गुलाम आठवा. यावर माणसांनी संध्याकाळी घालवल्या आहेत. शेवटी २०१९ मध्ये सोंगच रद्द झाले. आता तो पत्ता बाजारातला स्वस्त पत्ता जागेवरून न हलवता खेळवतो आणि स्वतः स्वतःच राहतो. सोपे झाले खरे. पण आमच्या पेटीतल्या पत्त्यावर अजून जुनेच वाक्य छापलेले आहे.

आणि इथे शेजारी अडून बसतात. त्यांचे म्हणणे, माझ्या हातातल्या पत्त्यावर जे छापले आहे तो नियम. दूर अमेरिकेत बसून एक माणूस माझ्या कपाटातल्या पुठ्ठ्याचा अर्थ बदलू शकत नाही. स्काटचे नियम बदलायचे तर परिषद भरते, मतदान होते. मी त्यांना सांगते की या खेळाला मतदार नाहीत, लेखक आहे, आणि झाकणावर त्याचे नाव यावे म्हणून तुमच्याच लोकांनी बिअरच्या चकतीवर सह्या केल्या. ते हसतात, ऐकत नाहीत. गंमत अशी की जर्मन डोमिनियनच्या पेट्यांवर काही वर्षांनी आल्टेनबुर्गच्या पत्ते-कारखान्याचे नाव आले; तेव्हा ते म्हणाले, बघ, शेवटी न्यायालयाच्या गावीच आला.

मेजवानी आता नव्या पेटीत नाही. २०१६ मध्ये जे सहा पत्ते काढले त्यांत तीही गेली. आमची पेटी जुनी आहे, तिच्यात आहे. झाकणाच्या आत आम्ही एक कागद चिकटवला आहे. त्यावर आमच्या टेबलाचे निर्णय, काही जर्मनमध्ये, काही मराठीत. मास्करेड नव्या वाक्याने. बहुरूपी छापल्याप्रमाणे, शेजाऱ्यांचा मान. सिंहासन हवे असल्यासच. सगळ्यात वरची नोंद बाबांच्या अक्षरात आहे, सांगलीला परतायच्या आदल्या रात्री त्यांनी चष्मा लावून लिहिलेली: "मेजवानी दोनदा. पुस्तक पाहिले. मान्य." आणि खाली, पेन बदलून, "पण ताक एकदाच."